पंप पाणी सोडतो तेव्हा

पंप ओढत नसेल तर आधी पट्टा पाहायचा. तो घसरत नसेल तर नळीचे सांधे, मग जाळी, आणि सगळ्यात शेवटी फुटवॉल. कारण तो टाकीच्या तळाशी असतो आणि तिथवर पोचायचं म्हणजे सबंध टाकी उपसावी लागते. त्या वर्षांतलं बाकी बरंच विसरलो, वरिष्ठांची नावंसुद्धा. हा क्रम मात्र अजून पाठ आहे. माणसाच्या डोक्यात काय टिकावं हे माणसाच्या हातात नसतं.

मी शेतकी खात्यातला सहायक. साठ सालाच्या आसपास खात्याने मला पनवेलच्या एका सहकारी संघाच्या शेडवर देखरेखीसाठी उसना दिला होता. उसनी दिलेली वस्तू परत मागायला कोणी लवकर येत नाही, तसंच माझंही झालं. शेड बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. मागे खाडी. ओहोटीला चिखलाचा वास यायचा, भरतीला औषधाचा, कारण तेव्हा वारा फिरायचा. भातावरच्या किडीची पावडर पाण्यात कालवून, तिचं फवारणीचं औषध करून गावोगावच्या शेतकऱ्यांना पिंपांतून द्यायचं, हे शेडचं काम. तेव्हा त्या पावडरीला कोणी विष म्हणत नसे. आम्ही सगळे तिला औषधच म्हणायचो आणि तेच हात धोतराला पुसून भाकरी खायचो.

हे कालवण्याचं काम करायला संघाने मुंबईहून यंत्र आणलं. वर्णन करावं असं त्यात फार काही नव्हतं. उंच चौथऱ्यावर एक मोठी लोखंडी टाकी, तिच्याशेजारी तेलाचं इंजिन, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप. पंप टाकीच्या तळातून औषध ओढायचा, थोडं पुन्हा टाकीत सोडायचा म्हणजे ते ढवळलं जावं, आणि उरलेलं नळीने पिंपात भरायचा. ढवळणं थांबलं की पावडर खाली बसते. फुटवॉल म्हणजे ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बसवलेली चामड्याची झडप. ती पाणी आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. इंजिन घटकाभर बंद ठेवलं तरी पंपात पाणी भरलेलं राहावं, ही तिची जबाबदारी. झडपेने ती पाळली नाही की पंप पाणी सोडतो. मग वरून तांब्या-तांब्याने त्याला पाणी पाजत बसावं लागतं, आणि तोवर टाकीतली पावडर तळाशी जाऊन झोपते.

यंत्राचं उद्घाटन थाटात झालं. मांडव घातला होता, टाकीला हार होता, आणि संघाच्या अध्यक्षांचं भाषण होतं. अध्यक्ष म्हणजे मोठे जमीनदार. भातगिरणी त्यांची, संघात शब्द त्यांचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट नुसती सुरू झालेली चालत नसे, तिचा शुभारंभ व्हावा लागे. त्यांनी टाकीच्या कडेवर नारळ वाढवला, पाणी आत सोडलं, जमलेल्यांनी अक्षता टाकल्या, आणि यंत्रयुगाबद्दल ते बोलू लागले तेवढ्यात मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. पुढचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही. जे ऐकलं होतं त्याच्या मानाने ते बरं असावं.

मिस्त्री पनवेलच्याच मोहल्ल्यातला. हाताला यश होतं, तोंडाला विश्रांती नव्हती. इंजिनाचं काहीही बिघडलं तरी तो आधी त्याला आंघोळ घालायचा. कुठलाही भाग खोलला की तो घासूनपुसून, रॉकेलमध्ये धुऊन मगच तो डोळ्यांसमोर धरायचा. म्हणायचा, घाण चीज बघायची नाही, नजर खराब होते.

यंत्राबरोबर एक इंग्रजी तक्ता आला होता: तक्रार, कारण, उपाय. मी तो मराठीत उतरवून भिंतीवर लावला. फेस येणे, गुठळ्या होणे, पट्टा घसरणे, पंप न ओढणे. पहिल्या पावसाळ्यात तक्त्यातल्या बहुतेक तक्रारी आम्ही भोगून संपवल्या. दमट हवेने पट्टा घसरला, त्याला राळ लावली. विहिरीचं पाणी खारट म्हणून औषध फाटलं, तर तळ्याचं गोडं पाणी बैलगाडीने आणवलं. टाकीच्या तोंडावरची बारीक जाळी ओल्या पावडरीने सारखी भरायची, म्हणून मिस्त्रीने ती काढून मोठ्या भोकांची बसवली. एवढं करून दम खावा म्हटलं तर भादव्यात लष्करी अळी आली.

ही अळी दिवसा बुडख्यात बसते आणि एकदा जेवायला उठली की बांधामागून बांध ओलांडत जाते. गावोगावचे लोक पिंपं घेऊन येऊ लागले. आम्ही गावांना पाळ्या लावून दिल्या. पाळीच्या पहिल्या दिवशी टाकी धुवायची आणि पावडरीचा लगदा करायचा. कोरडी पावडर थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात हाताने मळून, पिठल्याच्या पिठासारखी सरबरीत करून मग टाकीत सोडायची. पहिल्या दिवशी हे करून दाखवायला एक बाई येई. पुढचे दिवस त्या त्या गावची माणसं करत.

ही बाई बेलपाड्याकडची. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मोठी. दिवाळीनंतर ती मिठागरात जायची आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच राबायची. पावसात मिठागरं बंद, म्हणून इकडे. कोपरापर्यंत हात घालून ती लगदा मळायची तेव्हा हात पांढरे होत आणि ती सगळ्यांना सांगे, "बगा, मी गोरी झाले." कामाला चोख होती. बोलण्यात कोणाला सोडत नसे, अध्यक्षांनाही नाही. ते भाषण करू लागले की ती पिंप उपडं घालून त्यावर बसायची. म्हणे, इंजिन गरम होईपर्यंत मानसानं बसून घ्यावं.

त्या पाळ्यांत पंपाने नवं खूळ काढलं. सकाळी झकास चाले. न्याहारीला इंजिन थांबवून पुन्हा सुरू केलं की ओढायचं नाव नाही. पाणी पाजलं की घोटभर ओढून पुन्हा कोरडा. या खटाटोपात औषध तळाशी बसायचं, त्यामुळे कोणाला नुसतं पाणी जायचं आणि कोणाला खालचा गाळ. कामोठ्याकडची माणसं परत आली ती भांडायलाच. त्यांच्यातला एक म्हातारा मला अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्या औषधानं अळ्यांची आंघोळ झाली, भाऊसाहेब. आंघोळ करून पुन्हा जेवायला बसल्या." दुसऱ्या एका गावात गाळ फवारला गेला आणि पातीचे शेंडे करपले.

पट्टा पाहिला. सांधे पाहिले, त्यांना पांढरा रंग आणि सुतळी भरली. जाळी पाहिली. टाकी उपसून फुटवॉलही दोनदा काढला. मिस्त्रीने तो रॉकेलमध्ये धुतला, उजेडात धरला, झडप बोटाने उघडझाप केली. आरशासारखा साफ. पुन्हा बसवला तर दिवसभर उत्तम चालला, आणि पुढच्या गावाच्या पाळीला पुन्हा तेच. माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात सगळे उपाय संपले होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कारखान्याला कळवावे. कारखाना सातासमुद्रापलीकडे होता.

अशा वेळी माणसं कारण सोडून माणूस शोधू लागतात. मिस्त्री एक दिवस पट्टा पुसत पुसत मला म्हणाला, "भाऊसाहेब, एक बात ध्यानात आली का? ती बाई येते ना, त्याच दिवशी पंप पाणी सोडतो."

हे खरं होतं. ती पाळीच्या पहिल्या दिवशी यायची आणि पंप पहिल्याच दिवशी बिघडायचा. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मीही असतो. तो म्हणाला, "आपण तर रोजच असतो. रोजच्यावर कोण शक घेणार?" आणि मिस्त्रीच्या तोंडातली गोष्ट शेडच्या चार भिंतींत राहणारी नव्हती.

अध्यक्षांना ती पटली, कारण तिच्यात हेतू होता. यंत्र बंद पडलं की कालवणं हाताने करावं लागतं. हाताने करायचं तर बाया लागतात. म्हणजे बाईला रोज काम. एवढा सरळ हिशेब त्यांनी बऱ्याच दिवसांत मांडला नव्हता, त्यामुळे ते खूश होते. शेडवर येऊन, पिंपं घेऊन आलेल्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी सांगितलं की देशाच्या अन्नधान्यात घातपात करणारे अजून आहेत, आणि त्या बाईला यापुढे यंत्राजवळ येऊ द्यायचं नाही. मग आवाज उतरवून मला म्हणाले, दसऱ्याला व्याह्यांकडे जायचं आहे, त्यांच्याही कानावर घालतो.

हे व्याही म्हणजे मिठागराचे मुकादम. दिवाळीनंतर कोणाला मिठावर घ्यायचं आणि कोणाला नाही, हे त्यांच्या एका नजरेवर ठरे. शेडवरचं काम गेलं तर पावसाळ्याचे थोडे दिवस गेले असते. मुकादमाच्या कानात घातपात हा शब्द पडला तर वर्षच गेलं असतं, आणि पुढचीही. पाण्यात काही टाकणारी बाई मिठागरात कोण ठेवील? तिथे सगळा कारभारच पाण्याचा.

ती दुसऱ्या दिवशी आली. शेडच्या आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच मला म्हणाली, "कामावरून काढलंत, ता ठीक हाय. मालक तुमी. पन मी काय टाकलं, ता दाखवा."

मी म्हणालो, असं कोणी म्हणत नाही. हे खोटं होतं. सगळे तेच म्हणत होते.

"चार गावच्या मानसांसमोर बोलले ते. चोराला निदान चोरीचा माल दाखवतात, भाऊ. मना माल दाखवा."

मिस्त्री इंजिनामागे एकाएकी फार कामात गुंतला. ती बंदराच्या बाजूने निघून गेली. मला त्या दिवशी फार थकल्यासारखं झालं. अन्यायाचा संताप वगैरे म्हणावं तर तेवढी ताकद राहिली नव्हती. पाऊस लांबला होता, अंगाला औषधाचा वास कायमचा चिकटला होता, रोज कोणी ना कोणी करपलेली पात आणून नाकासमोर धरत होतं. एक यंत्र दुरुस्त होत नाही म्हणून माणूस मोडीत निघतो आहे, एवढं मात्र दिसत होतं.

पुढच्या गावाची पाळी आली. बाई नव्हती. लगदा त्या गावच्या माणसांनीच मळला. अध्यक्ष आले, नव्या गावाचा शुभारंभ ते चुकवत नसत. टाकीच्या कडेवर नारळ वाढवला, गावच्या पाटलाने अक्षता टाकल्या, मागोमाग बाकीच्यांनी. यंत्र चाललं. न्याहारीला थांबलं. पुन्हा सुरू केलं आणि पंपाने पाणी सोडलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तिने आधीच टाकून ठेवलं असणार." मी म्हटलं, टाकी आज सकाळी माझ्यासमोर धुतली. त्यावर त्यांना गिरणीत काम निघालं.

मी मिस्त्रीला म्हणालो, आज फुटवॉल काढायचा, पण धुवायचा नाही.

"घाण तसाच?"

"घाण तसाच. पाणी मारायचं नाही, रॉकेल नाही, फडका नाही."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला आंघोळीवाचून निकाहाला बसायला सांगितलंय. पण त्याने टाकी उपसली, पाना लावला, आणि पांढऱ्या गाळाने माखलेला फुटवॉल दोन बोटांनी उचलून माझ्यासमोर पोत्यावर ठेवला. झडप एका बाजूने किंचित उचललेली होती. मी काडीने गाळ सारला. चामड्याच्या आणि पितळेच्या मध्ये भाताचा एक दाणा अडकला होता. शेजारी नारळाच्या शेंडीचा धागा वेटोळं घालून बसला होता.

मिस्त्री लगेच म्हणाला, "बघा. जेवणाचा भात. बाई टाकीजवळ बसून जेवायची." मग त्यालाच आठवलं की बाई आज नव्हती. त्याने दाणा चिमटीत धरला, चुरडून पाहिला. चुरडेना. नखाने दाबला. टणक होता, आणि अखंड.

"कच्चा आहे," तो हळूच म्हणाला.

कच्चा तांदूळ कोणी जेवत नाही. आम्ही दोघेही टाकीच्या कडेकडे पाहत राहिलो. तिथे नारळ आपटल्याच्या खुणा होत्या, आणि कुंकवाचं एक बोट. बाई यायची तो पाळीचा पहिला दिवस, आणि पाळीचा पहिला दिवस म्हणजे शुभारंभ. आम्ही दोन्ही गोष्टी दर पाळीला पाहत होतो; त्यातली एकच मोजत होतो. आधी दोनदा फुटवॉल उघडला तेव्हाही दाणा तिथेच असणार. मिस्त्रीच्या स्वच्छतेने तो आमची नजर पडायच्या आत वाहून जात होता. बारीक जाळी असती तर तो आत गेलाच नसता, पण ती आम्हीच काढली होती. एवढी माणसं आपापलं काम मन लावून करत होती, म्हणून यंत्र चालत नव्हतं.

मिस्त्रीने दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि हात पुसले. "हे आता मशीनचं काम राहिलं नाही, भाऊसाहेब. हे देवाचं काम. ते तुमच्याकडे."

मी फुटवॉल वर्तमानपत्रात गुंडाळून अध्यक्षांच्या घरी नेला. त्यांनी चहा मागवला. मी जाळीपासून सुरुवात केली, तर ते म्हणाले, म्हणजे मिस्त्रीची चूक. मी म्हटलं, तसं नाही, आणि दाणा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. भातगिरणीचा मालक, उकडा, कच्चा, जाडा, बारीक हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"शुभकार्यात अक्षता टाकू नयेत, असं तुमच्या खात्याचं म्हणणं आहे का?"

"टाकाव्यात. टाकीत नको."

चहा आला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मी म्हणालो, त्या बाईंबद्दल व्याह्यांशी काही बोलणं झालं नसेल तर आता होऊ नये.

"मी कुठे कोणाचं नाव घेतलं?" ते म्हणाले. "घातपात म्हणजे काय, सर्वसाधारण बोललो." बोलणं झालं होतं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. दसरा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला होता.

शेडच्या दारात, टाकीपासून चांगला लांब, त्यांनी एक काळा दगड बसवून घेतला. नारळ यापुढे त्यावर वाढवायचा, असं संघाने शास्त्रीय दृष्टिकोनातून ठरवल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. दगडाचंही उद्घाटन झालं. मिस्त्रीने बारीक जाळी पुन्हा बसवली, आणि पंपाने पाणी सोडणं सोडलं. त्या भाषणात बाईचा उल्लेख नव्हता. आरोप चार गावांसमोर झाला होता. तो मागे घ्यायला मात्र कोणी गाव बोलावलं नाही.

म्हणून मीच बेलपाड्याला गेलो. ती अंगणात सुपारीएवढी भोकं पडलेली एक टोपली सांधत होती. मी दाणा कागदाच्या पुडीत नेला होता. तिने विचारलं, "काय निघालं?"

"तांदूळ."

"कुनाचा?"

"अध्यक्षांच्या अक्षतांचा."

तिने पुडी उघडून पाहिली. हसली नाही. "मंग त्यांना कामावरून काढला का?"

मी म्हणालो, पुढच्या पाळीपासून या, अध्यक्षांची हरकत नाही. ती म्हणाली, नको. "मिठानं हात फाटतात. पन मीठ कोनावर आळ घेत नाय." मग पुडी पुन्हा नीट दुमडली आणि पदराच्या गाठीत बांधली. "हा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मुकादमाला माल दाखवाया पायजे."

मी सांगितलं, औषधात भिजलेला आहे, पोरांच्या हाती लागू देऊ नका. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठणं भाग पडलं.

दिवाळीनंतर एकदा खात्याच्या कामाने मिठागराच्या बांधावरून जाताना मुकादम भेटले. मिठाला अजून अवकाश होता. चिखल तुडवून तळं सपाट करण्याचं काम चालू होतं. बायांची रांग पाठमोरी होती, आणि त्या रांगेत एक उंच पाठ मला ओळखता आली. मी मुकादमांना सहज विचारावं तसं विचारलं. ते म्हणाले, व्याह्यांनी दसऱ्याला सांगितलं होतं. मग ही आली, पदराची गाठ सोडली आणि, पंपातून हा निघाला, एवढंच म्हणून तांदूळ समोर ठेवला.

"मी काय तांदूळ पाहिला नाही?" मुकादम म्हणाले. "आमच्या मुलीच्या लग्नात त्यांच्याकडून आलेला हाच. बारीक, तुकडा नसलेला. पण व्याह्याला विचारायचं कसं? मग हिला म्हटलं, चल, लाग कामाला."

ती वळून पाहत नव्हती. मी हाक मारली नाही. गुडघाभर चिखलात पाय दाबत ती रांगेबरोबर सरकत होती, आणि तिने तुडवलेल्या चिखलावर पाणी हळूहळू एका पातळीला येत होतं.